चौदा बाय वीसचं घर आणि चारशे पीचची झाडं

प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलंय की वाटणीत त्याच्या वाट्याला तीस गुंठे आले, आणि तिकडे अमेरिकेत म्हणे सरकारने शेतकऱ्यांना १६०-१६० एकर फुकट वाटले. मग तिथला पहिलावहिला वसाहतकार शेतकरी आणि त्याच्या घरचे मजेतच जगले असतील ना? नक्की कसं होतं ते आयुष्य, कुणी जाणकाराने सांगावं.

जाणकार म्हणजे मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. भूकरमापक (जमीन मोजणारा) म्हणून लागलो, निमतानदार (मोजणी तपासणारा) म्हणून निवृत्त झालो. सोलापूर जिल्ह्यातल्या निम्म्या बांधांनी माझ्या चपला खाल्ल्या आहेत. मुलगी अमेरिकेत नेब्रास्का राज्यात लिंकनला असते. तिच्याकडे तीन खेपा झाल्या आणि तिन्ही वेळा मी चाळीसेक मैलांवरच्या बिॲट्रिस गावाजवळ डॅनिएल फ्रीमन नावाच्या माणसाचं शेत पाहायला गेलो. (गावातले लोक नाव ‘ॲ’वर जोर देऊन म्हणतात, नाहीतर तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं.) १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली जमीन मिळवणारा पहिला शेतकरी म्हणून तिकडे फ्रीमनचं नाव घेतात. त्याचं शेत आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे; २०२१ पर्यंत त्याला राष्ट्रीय स्मारक म्हणत. पण नुसती जमीन बघून माझं समाधान होत नाही. कागद बघावे लागतात. ते पाहिले, म्हणून हे उत्तर.

आधी कायदा उरकतो. २० मे १८६२ ला अब्राहम लिंकनची सही झाली आणि १ जानेवारी १८६३ पासून अंमल सुरू झाला. अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा, नागरिक हवा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर केलेला हवा, आणि त्याने सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नको. तेव्हा तिकडे उत्तर आणि दक्षिण राज्यांची यादवी चालू होती, म्हणून ही अट. अविवाहित बाई किंवा विधवासुद्धा स्वतःच्या नावाने अर्ज करू शकायची. मिळायचे जास्तीत जास्त १६० एकर. सरकारी फी सगळी मिळून १८ डॉलरच्या आसपास. अट एवढीच की पाच वर्षं त्या जमिनीवर राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि पाच वर्षांनी दोन साक्षीदार आणून हे सगळं केल्याचं सिद्ध करायचं. ‘एवढीच’ म्हणालो खरा. अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक इथेच गळाले. साधारण ४० लाख दावे झाले आणि मालकीचा कागद हातात पडला तो १६ लाखांच्या घरात. फुकट जमीन सोडून माणसं निघून गेली म्हणजे काहीतरी जबर किंमत असणार, हे आपल्यासारख्याला सांगायला नको.

आता माझ्या आवडीचा भाग, मोजणी. आपल्याकडे आधी वहिवाट असते आणि मोजणी नंतर येते. ओढा जसा वळला तसा बांध वळलेला, पणजोबाने जिथे नांगर फिरवला तिथे हद्द, आणि त्या वाकड्यातिकड्या आकाराला आपण नंबर देतो. तिकडे आधी मोजणी झाली, माणूस मागून आला. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप, त्यात एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, एका सेक्शनचे ६४० एकर, त्याचा पाव हिस्सा १६० एकर, त्याचाही पाव हिस्सा ४० एकर. त्यांची साखळी ६६ फुटांची. आपली शंकू-साखळी ३३ फुटांची, बरोबर निम्मी, म्हणूनच ३३ बाय ३३ चा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. एकाच इंग्रजी मापाची ही दोन लेकरं. तिथल्या माहिती केंद्रासमोरची गाड्या लावायची जागा मुद्दाम बरोबर एक एकराची ठेवली आहे. मी पावलांनी मोजली. जावई लांब उभा राहिला.

एवढ्या चौकोनी मुलखात फ्रीमनचं शेत मात्र चौकोनी नाही. कागदावर त्याचं वर्णन चार तुकड्यांत आहे. सेक्शन २६ मधले चाळीस-चाळीस एकरांचे तीन तुकडे एका ओळीत, आणि चौथा मधल्याच्या डोक्यावर. म्हणजे उलट्या ठेवलेल्या इंग्रजी ‘टी’सारखा आकार. सरळ पाव सेक्शन मिळत असताना कुणी असा आकार का मागेल? नकाशा बघितला आणि हसू आलं. कब क्रीक नावाचा ओढा तिथून वळणं घेत जातो आणि त्याच्या काठाने ओकची झाडी आहे. गड्याने पाणी आणि लाकूड आपल्या हद्दीत घ्यायला तुकडे वेचले होते. आसपास मैलोन् मैल नुसतं गवत. तिथे ज्याच्या हद्दीत ओढा, त्याचं घर लाकडाचं आणि चूल लाकडावर. ज्याच्या हद्दीत नाही त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. विहिरीला पाणी कुठे लागेल हे जोखून वाटणीत हिस्सा मागणारे बेरकी भाऊ मी आपल्याकडे पुष्कळ पाहिलेत, हा त्यांच्यातलाच.

अर्जाची गोष्ट तिकडे दंतकथेसारखी सांगतात. ओहायोत १८२६ ला जन्मलेला, पेशाने डॉक्टर असलेला फ्रीमन तेव्हा फौजेच्या कामावर होता म्हणे. लगेच परतायचं होतं, म्हणून मिसुरी नदीकाठच्या ब्राउनव्हिल गावात नववर्षाच्या मेजवानीत त्याने जमीन कचेरीच्या कारकुनाला गाठून पटवलं आणि मध्यरात्र उलटताच कचेरी उघडायला लावली. त्याच दिवशी देशभरात ४१८ अर्ज दाखल झाले, त्यामुळे हा खरोखर पहिला का, यावर वाद घालायला जागा आहे. पण अर्ज क्रमांक एक, दाखला क्रमांक एक, आणि शेवटचा मालकी कागद पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर, एवढं कागदोपत्री पक्कं. कारकुनाला रात्री कचेरी उघडायला लावणारा माणूस मला तरी अशक्य वाटत नाही. आमच्याकडे रविवारी नक्कल काढून नेणारे होते.

अर्ज झाला, पण घरात बाई नव्हती. फ्रीमनचा भाऊ जेम्स यादवीत मरण पावला. त्याचं लग्न आयोवा राज्यातल्या ल क्लेअर गावच्या अ‍ॅग्नेस सूटर हिच्याशी ठरलेलं होतं. डॅनिएलने तिच्याशी पत्रव्यवहार सुरू केला आणि पत्रांतूनच लग्न ठरलं. फेब्रुवारी १८६५ मध्ये लग्न करून तो तिला घेऊन आला. मिसिसिपी नदीकाठच्या वस्तीत वाढलेली मुलगी, आणि आली ती कुठे, तर जिथे शेजाऱ्याच्या चुलीचा धूर दिसला तर दिसला. लोक या गोष्टीत प्रेमकथा बघतात. मला तिच्यात व्यवहारही दिसतो. पाच वर्षांची अट एकट्या गड्याला निभत नाही. नांगर धरायचा तर भाकरी कोण करणार, आणि गावाला माल आणायला गेलं तर जनावरांकडे कोण बघणार? बिॲट्रिसला रेल्वे आली १८७१ ला. तोवर मिसुरीकाठच्या गावाहून मीठ, लोखंड, कापड आणायचं म्हणजे बैलगाडीने जाऊन-येऊन आठवडा सहज मोडावा.

आता तो मुख्य कागद. २० जानेवारी १८६८. पाच वर्षं झाली, फ्रीमन दोन शेजाऱ्यांना साक्षीला घेऊन कचेरीत गेला. शेजाऱ्यांनी लिहून दिलेला मजकूर आपल्या पंचनाम्यासारखाच रूक्ष आहे, आणि म्हणूनच मला तो फार आवडतो. मतलब असा: हा इसम कुटुंबप्रमुख असून बायको आणि दोन मुलं आहेत. जमिनीवर घर आहे, काही भाग ओंडक्यांचा, काही फळ्यांचा; १४ बाय २० फूट; एक मजली; दोन दारं, दोन खिडक्या, लाकडी कौलांचं छप्पर, फळ्यांची जमीन, आणि राहायला सुखाचं. सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून कसलेले आहेत. एक तबेला, १०० फूट लांबीचं मेंढ्यांचं छप्पर, मक्याची कणगी, सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची सुमारे ४००.

हे एवढंच. पण ओळ न् ओळ वाचली की आख्खं घर डोळ्यांपुढे येतं.

घरापासून सुरू करू. १४ बाय २० म्हणजे २८० चौरस फूट. शहरातल्या एका खोलीच्या घराएवढं. त्यात नवरा-बायको, दोन मुलं, स्वयंपाक, झोपणं, डॉक्टरची औषधं, हिवाळ्याचं धान्य. याहून दाटीने लोक राहत. त्याच उद्यानाच्या आवारात दुसऱ्या शेतावरून उचलून आणलेलं एक ओंडक्यांचं घर आहे, १८६७ चं, १४ बाय १६ फुटांचं. पामर नावाचं जोडपं त्यात दहा मुलं घेऊन राहिलं. मी आत उभा राहिलो, दोन्ही हात पसरले आणि हिशेब करत बसलो की बारा माणसं आडवी कशी पडत असतील. वर माळ्यासारखी जागा आहे, पोरं तिथे. नेब्रास्कात हिवाळ्यात बाहेर बर्फ, म्हणजे चार महिने सगळी बारा माणसं आतच.

‘फळ्यांची जमीन’ हे साक्षीत मुद्दाम लिहावंसं वाटलं, याचा अर्थ पुष्कळांच्या घरात ती नव्हती. ‘दोन खिडक्या’ही तशाच. काच बाहेरून आणायची. सरकारला पटवायचं होतं की हा माणूस इथे मुक्कामाला आहे, तात्पुरता नाही. कारण बनवेगिरी मुबलक होती. घर बारा बाय चौदाचं हवं असा प्रघात पडला, तेव्हा काहींनी म्हणे बारा बाय चौदा इंचांचं खेळण्यातलं घर ठेवून शपथ घेतली. माप फुटांत की इंचांत हे कुणी विचारलंच नाही. चाकांवरचं घर एका शेतातून दुसऱ्या शेतात ओढत नेऊन प्रत्येक ठिकाणी ‘घर आहे’ अशी साक्ष द्यायचे. मला यात नवल वाटलं नाही. एका गावी माझ्यासमोर पाच पंचांनी कोऱ्या पंचनाम्यावर सह्या ठोकल्या होत्या आणि ‘साहेब, तुम्हीच भरा काय ते’ म्हणाले होते. मी भरलं नाही, त्याबद्दल वर्षभर बोलणी खाल्ली. फ्रीमनची साक्ष वाचताना मात्र खोटं लिहिल्याचा वास येत नाही. खोटं लिहिणारा गोल आकडे लिहितो आणि जास्त लिहितो. ३५ एकर कुणी खोटं लिहिणार नाही.

हा ३५ चा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. १६० एकरांपैकी पाच वर्षांत ३५, वर्षाला सरासरी सात. आळशी होता का? आपल्याकडे ज्याने काळ्या रानातलं खोल मुळांचं कुंदा गवत खणून काढलाय त्याने याचं उत्तर द्यावं. तिथलं मूळ गवत पुरुषभर उंचीचं, आणि मुळं त्याहून खोल. हजारो वर्षांत नांगर न लागलेली जमीन. वरचा थर मुळांनी असा विणलेला की साधा नांगर आत शिरतच नाही. त्यासाठी लांब फाळाचा वेगळा नांगर आणि बैलांच्या दोन-तीन किंवा जास्त जोड्या लागत. बैल नसले तर एकरी पैसे देऊन फोडून घ्यायचं. फोडल्यावर उलटलेली सलग पट्टी तशीच पडून राहते, ढेकळं होत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी कुऱ्हाडीने त्या पट्टीत खाच पाडायची, मक्याचे दाणे टाकायचे आणि टाचेने दाबायचं. पीक यायचं ते जेमतेम. गवत कुजून जमीन भुसभुशीत व्हायला दुसरं वर्ष लागायचं, मग गहू. म्हणजे पहिली दोन वर्षं कुटुंब जगायचं ते बरोबर आणलेल्या शिधापाण्यावर, शिकारीवर आणि दुसऱ्याकडे मजुरी करून. डॉक्टरकी येत असल्यामुळे फ्रीमनला तेवढा आधार होता. बाकीच्यांना तोही नव्हता.

शंभर फुटांचं मेंढ्यांचं छप्पर का, हे कोडं मला आधी उलगडलं नाही. १४ बाय २० च्या घरात राहणारा माणूस मेंढ्यांना शंभर फूट देतो? मग सालं बघितली. यादवीमुळे दक्षिणेतला कापूस बंद झाला, कपड्याला लोकर लागू लागली आणि लोकरीचे भाव चढले. उत्तरेत ज्याने त्याने मेंढ्या पाळल्या. गंमत म्हणजे त्याच कापूसटंचाईने त्याच वर्षांत इकडे वऱ्हाड-खानदेशात कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर वाहिला आणि १८६५ ला यादवी संपताच सगळं धाडकन कोसळलं. नेब्रास्कातली मेंढी आणि खामगावचा कापूस एकाच लढाईच्या दोरीला बांधलेले होते. लढाई संपल्यावर लोकरही उतरली. फ्रीमनच्या साक्षीत तीन वर्षांनंतरही छप्पर उभं आहे. आत मेंढ्या किती उरल्या होत्या ते साक्षीदारांनी लिहिलं नाही.

आणि पीचची चारशे झाडं. पीच कोयीपासून येतं, कलमाचा खर्च नाही, तीन-चार वर्षांत फळ धरतं. मुलं आणि बायको मिळून कोयी लावू शकतात. फळं सुकवून हिवाळ्याला ठेवायची. ज्या घरात कोबी, बटाटे आणि खारवलेलं डुकराचं मांस सोडून हिवाळ्यात काही नाही, तिथे सुकवलेल्या पीचची वाटी म्हणजे सणच. पण मला त्यात कायद्याची नजरही दिसते. वर्षा-दोन वर्षांत जमीन विकून पळायचं असेल तो माणूस मका पेरतो. चारशे झाडं लावणारा राहणार असतो, आणि हे कारकुनालाही कळतं.

अ‍ॅग्नेसच्या हातचं काम साक्षीत कुठेच नाही. आपल्या सातबाऱ्यावरही नसतं. पाणी आणणं, लोणी घुसळणं, कोंबड्या, चरबी आणि राखेचा क्षार उकळून साबण, मेणबत्त्या, शिवण, रोजची मक्याची भाकरी. त्या वस्त्यांमध्ये किराणा बहुतेक वेळा अंडी आणि लोण्याच्या बदल्यात यायचा. गव्हाचे पैसे नांगर, बैल आणि कर्जात जायचे; मीठ, चहा, कापड बाईच्या कोंबड्यांवर. आमच्या आईच्या अंड्यांवर माझी वह्या-पुस्तकं झाली, त्यामुळे हे मला कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

आता ज्यांच्या हद्दीत ओढा नव्हता त्यांच्याकडे. फ्रीमनच्या पश्चिमेला गेलं की झाडं संपतात. तिथले लोक गवताचीच घरं बांधत, म्हणजे मुळांसकट जमिनीची फूटभर रुंद पट्टी कापायची, तिच्या तीनेक फुटी विटा करायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून थरावर थर रचायचे. भिंती दोन-तीन फूट जाड. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. आमच्या आजीचं माळवद आठवलं. पण आपण माळवदावर पावसाळ्याआधी पांढरी चोपण माती टाकायचो, म्हणून गळायचं कमी. तिकडे छपरावरही तीच मुळांची माती. पाऊस बाहेर एक दिवस पडला की आत दोन दिवस पडायचा. कढईवर छत्री धरून स्वयंपाक व्हायचा. आढ्याखाली मांजरपाट ताणून बांधायचे, म्हणजे ताटात माती आणि साप पडत नाहीत. सरपणाला गोवऱ्या! आधी रानगव्यांच्या सुकलेल्या शेणाच्या, गवे मारून संपवल्यावर गाईंच्या. पूर्वेकडून आलेल्या बायका सुरुवातीला फडक्याने धरून उचलत, मग चिमट्याने, आणि सहा महिन्यांनी हाताने उचलून तोच हात पिठाला लागायचा. आपल्याकडच्या सुनेला एवढे टप्पे लागले नसते. मक्याला भाव नसेल त्या साली मकाच चुलीत जायचा. कोळसा महाग आणि मका स्वस्त असा उलटा हिशेब.

संकटं दोन सांगतो, बाकीची तुम्ही ओळखालच. १८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाड आली. सूर्य झाकला गेला, आणि मका, भाजी, झाडांची साल सगळं गेलं. घामाच्या मिठामुळे असेल, पण खुरप्या-कुदळींचे दांडे आणि घोड्याचं चामडी सामानही कुरतडलं. बायकांनी भाजीवर गोधड्या टाकल्या तर टोळांनी आधी गोधड्या खाल्ल्या. रुळांवर चिरडलेल्या टोळांनी आगगाड्यांची चाकं घसरत. फौजेकडून कपडे आणि बूट वाटायची वेळ आली, आणि त्या साली पुष्कळांनी गाडी परत पूर्वेकडे वळवली. विशेष म्हणजे तो टोळ पुढे जगातून नाहीसाच झाला. जिवंत टोळ शेवटचा सापडला १९०२ ला. डोंगरांमधल्या नदीखोऱ्यांत तो अंडी घालायचा आणि तीच जमीन वसाहतकारांनी नांगरली, म्हणून संपला, असं अभ्यासक मानतात.

दुसरं, १२ जानेवारी १८८८. सकाळी ऊबदार, पोरं पातळ कपड्यांत शाळेत गेली, आणि दुपारी हिमवादळ असं आदळलं की हात लांब केला तर दिसेना. शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेवर मुलं गोठली. दोनशेहून अधिक माणसं गेली.

शाळेवरून आठवलं. फ्रीमनच्या शेताजवळ विटांची एकखोली शाळा १८७२ पासून होती, अजून उभी आहे. सत्तरी ओलांडल्यावर फ्रीमनने त्या शाळेशी कोर्टकज्जा केला. शिक्षिका वर्गात बायबल वाचायची, प्रार्थना घ्यायची. याचं म्हणणं, सरकारी शाळेत हे चालणार नाही. नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०२ ला निकाल याच्या बाजूने दिला. गावात काय काय बोललं गेलं असेल! मध्यरात्री कचेरी उघडायला लावणारा म्हातारपणी बदलेल कशाला?

एक गोष्ट मात्र माझ्या पेशाला धरून सांगितलीच पाहिजे. जमिनीचा उतारा वाचताना आजचं नाव बघून थांबायचं नसतं, जुने फेरफार काढत मागे जायचं असतं. फ्रीमनच्या मालकी कागदावर, १ सप्टेंबर १८६९ च्या, देणार म्हणून अमेरिकी सरकार आहे. सरकारकडे ती आली कुठून? मार्च १८५४ च्या करारात तिथल्या मूळ रहिवासी ओटो-मिझुरिया लोकांकडून. त्यांना बिॲट्रिसच्या दक्षिणेला बिग ब्लू नदीवर दहा मैल बाय पंचवीस मैलांचा पट्टा ठेवला. म्हणजे फ्रीमनच्या पोरांनी पहिली पीच खाल्ली तेव्हा मूळ मालक एक दिवसाच्या वाटेवर राहत होते. मग तोही पट्टा कमी कमी करत विकायला लावला आणि १८८१ ला त्यांना आजच्या ओक्लाहोमात नेऊन सोडलं. त्यांच्या पाच पिढ्यांच्या वहिवाटीची नोंद घ्यायला कुणी साखळी घेऊन गेलं नव्हतं. ‘फुकट’ जमिनीची निम्मी किंमत या खात्यात पडलेली आहे, आणि ती फ्रीमनच्या फाइलीत दिसत नाही.

आता तुमच्या तीस गुंठ्यांकडे. फ्रीमनकडे सालाला तीस इंच पाऊस होता आणि ओढा होता, म्हणून १६० एकरांवर घर उभं राहिलं. तिथून तीनेकशे मैल पश्चिमेला पाऊस वीस इंचांखाली येतो, म्हणजे आपला माणदेश. तिथे तेच १६० एकर घेणारे उपाशी मेले. नांगर फिरला की पाऊस मागून येतो, असं तेव्हा रेल्वेवाले आणि जमीन विकणारे छातीठोक सांगायचे. शेवटी १९०४ ला नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांसाठी मर्यादा ६४० एकर केली, तेही चराईपुरते. त्यामुळे एकरांचा आकडा ऐकला की माझा पहिला प्रश्न असतो, पाणी किती? बागायती तीस गुंठे आणि खडकाळ दहा एकर यात काय निवडायचं, हे आपल्या आजोबांना कळत होतं.

ज्यांना अशी फाइल स्वतः वाचायची आहे त्यांच्यासाठी: या दाव्यांच्या फाइली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि नेब्रास्काच्या पुष्कळशा संगणकावर चढवल्या आहेत. मालकी कागद आधी बघू नका, तो सगळ्यांचा सारखाच. थेट पाच वर्षांनंतरची साक्ष काढा. घराचं माप, नांगरलेले एकर, झाडं, आणि मालक जमिनीवरून किती दिवस गैरहजर होता त्याची कबुली, एवढं वाचलं की घर कळतं. मग साक्षीदारांची नावं घेऊन त्यांच्या फाइली काढा. तिथे साक्षीदार म्हणून बहुधा आपलाच माणूस सापडतो. शेजारी एकमेकांच्या साक्षी देत.

फ्रीमन ३० डिसेंबर १९०८ ला गेला. अ‍ॅग्नेस त्यानंतर वीसहून अधिक वर्षं जगली. दोघांना त्याच शेतात पुरलंय. पीचचं एकही झाड मला दिसलं नाही. फोडलेले एकर सरकारने १९३९ पासून पुन्हा गवताखाली आणले, आता तिथे पुरुषभर गवत डुलतं. पण दक्षिणेच्या हद्दीवर फ्रीमनच्या घरच्यांनी लावलेलं काटेरी झाडांचं कुंपण उभं आहे. ओसेज ऑरेंज म्हणतात त्याला, मुठीएवढं हिरवं, सुरकुतलेलं फळ येतं, खायच्या कामाचं नाही. काटेरी तार यायच्या आधी तेच कुंपण. घोड्याला उडी मारता येऊ नये, बैलाला मोडता येऊ नये, डुकराला खालून शिरता येऊ नये, असं ते वाढवायचे. ती हद्द ओळीतल्या तीन तुकड्यांची, म्हणजे ३,९६० फूट, आपल्या १२० साखळ्या. तिसऱ्या खेपेला मी ती पावलांनी घ्यायला निघालो. चाळीस साखळ्यांपर्यंत नीट जमलं, मग बायकोने गाडीचा हॉर्न वाजवला आणि आकडा चुकला.